जुनी स्पोर्ट्स कार: जपून ठेवायची की विकायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिना सरत आला की मला दर आठवड्याला एक तरी फोन येतो. सुरुवात ठरलेली: "गाडी नुसती पडून आहे, काय करू?" मी मेकॅनिक नाही, दलालही नाही. पुण्यात राहतो. एक जुनी गाडी जपली आहे, एक विकली आहे, आणि ओळखीच्या दहा-बारा जणांच्या भानगडीत नाक खुपसलं आहे. त्या फोनांवर पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे लिहून ठेवतो.

सरळ सांगा, ठेवू की विकू?

तीन गोष्टी तपासा. गाडीला पक्कं छप्पर आहे का? दर पंधरवड्याला ती अर्धा-पाऊण तास चालवणारं, नावानिशी सांगता येईल असं कुणी माणूस आहे का? आणि वर्षाचा खर्च, हात आखडता न घेता, बाजूला काढता येतो का? तिन्हींना "हो" असेल तर बिनधास्त ठेवा. एकालाही "बघू" असेल तर विका.

मधली अवस्था सगळ्यात महागात पडते. विकत नाही आणि सांभाळतही नाही, नुसती जिन्याखाली उभी. तिच्या मालकाला वाटतं आपण अजून काही ठरवलेलं नाही. गाडीचा पत्रा, रबर आणि कागद मात्र त्याच्या वतीने दर महिन्याला निर्णय घेत असतात.

आमची गाडी 'स्पोर्ट्स कार' म्हणावी का? दोन सीटची नाहीये.

आपल्याकडे ही व्याख्या लवचीक आहे. पोर्शेची बॉक्सस्टर, बीएमडब्ल्यूची झी-४, मर्सिडीजची एसएलके यांच्याबद्दल वाद नाही. पण फियाटची पालिओ १.६ जीटीएक्स, जुनी होंडा सिटी व्हीटेक किंवा १५० अश्वशक्तीची टर्बो पेट्रोल स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस ज्यांनी चालवली आहे, त्यांना विचारून बघा. मोजक्याच बनलेल्या सॅन स्टॉर्मला रेनॉचं १.२ लिटरचं साधं इंजिन होतं, म्हणजे जोर बेताचाच. पण दोन सीट, फायबरची बॉडी आणि उघडं टप, त्यामुळे ती स्पोर्ट्स कार. इथली उत्तरं या सगळ्यांना लागू आहेत.

पाच-दहा वर्षं ठेवली तर भाव वाढेल ना?

बहुतेक गाड्यांचा नाही. हे ऐकायला कुणाला आवडत नाही, पण आधी हिशेब मांडा. बंदिस्त जागेचं भाडं महिना ३,००० धरलं तरी वर्षाला ३६,०००. विमा, वर्षाला एकदा ऑइल आणि फिल्टर, तीन-चार वर्षांनी बॅटरी, सहा-सात वर्षांनी चारही टायर (किलोमीटर झालेले नसले तरी), पंधरा वर्षांनंतर पासिंग, म्हणजे आरटीओत नोंदणीचं नूतनीकरण. पाच वर्षांत दोन-अडीच लाख सहज जातात. चार लाखांच्या गाडीचा भाव पाच वर्षांनी साडेसहा लाख झाला, तर तुम्ही जेमतेम जिथे होता तिथेच आहात. तेवढ्या पैशांची मुदत ठेव केली असती तर पुढे गेला असता.

वाढणारे अपवाद मात्र आहेत. वापरलेली गाडी परदेशातून आणायची तर ती बनवल्यापासून तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही आणि वर शुल्क जबर. म्हणजे एखादं जुनं मॉडेल देशात जेवढं आहे तेवढंच, त्यात भर पडणार नाही. अशा गाड्यांतली मॅन्युअल गिअरची, मूळ रंगाची, मूळ चाकांची, सर्व्हिसची बिलं जपलेली, पहिल्या किंवा दुसऱ्या मालकाकडची गाडी टिकून राहते आणि कधी कधी चढते. सायलेन्सर बदललेली, खाली बसवलेली, मागे पंख लावलेली चढत नाही. मूळ सुटे भाग काढून ठेवले असतील तर ते शोधा. माळ्यावरची ती चार मूळ चाकं कधी कधी नव्या म्युझिक सिस्टीमपेक्षा जास्त पैसे मिळवून देतात.

चालवायची हौस म्हणून ठेवत असाल तर हा हिशेब फाडून टाका. हौसेला मोल नसतं. पण मग ती गुंतवणूक आहे असं घरी सांगू नका.

गाडीला पंधरा वर्षं होत आली. आता काय?

ठेवायची की विकायची याचं निम्मं उत्तर आरसीवरच्या तारखेत असतं. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. त्यानंतर गाडी प्रत्यक्ष दाखवून, तपासून घेऊन दर पाच वर्षांनी नूतनीकरण. एप्रिल २०२२ पासून कारला याचं शुल्क ₹५,००० आणि आयात केलेल्या गाडीला ₹४०,००० झालं. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी ते दुप्पट केलं: कारला ₹१०,०००, आयात गाडीला ₹८०,०००. पर्यावरण कर वेगळा. मुदत उलटली की महिन्यागणिक विलंब शुल्क चढत जातं.

आमच्या गल्लीतल्या एका काकांकडे २००४ ची बॉक्सस्टर आहे. मुलगा सॅन होजेला. "तो आला की बघू" यात तीन दिवाळ्या गेल्या आणि गाडीने विशी ओलांडली. आता पासिंगला ₹८०,०००, आणि त्याआधी ब्रेक, टायर, बॅटरी करून ती चालती करायला हवी, कारण आरटीओत ढकलत नेलेली गाडी पास होत नाही. हीच गाडी पासिंग जिवंत असताना विकायला काढली असती तर गिऱ्हाइकाने फक्त इंजिन ऐकलं असतं. आता तो आधी आरसी उलटून बघतो आणि तिथूनच भाव पाडायला लागतो.

म्हणून माझा आग्रह असा: विकायची असेल तर मुदतीला किमान वर्ष शिल्लक असताना विका. ठेवायची असेल तर मुदत संपायच्या आत पासिंग करून घ्या, भले गाडी महिन्यातून दोनदाच बाहेर निघत असो.

'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी होते, त्यात व्हीए अक्षरांची पाटी मिळते. पण त्यासाठी गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी आणि ती रोजच्या वापराला चालत नाही. २००२ ची गाडी घेऊन त्या वाटेकडे बघू नका.

पावसाळ्यात गाडी कशी ठेवायची?

आमच्या घरी याला गाडीचा चातुर्मास म्हणतात. आषाढीला देव झोपतात, गाडीही झोपते. फरक इतकाच की देवांना मध्ये उठवावं लागत नाही.

झोपवण्याआधी गाडी खालूनसुद्धा धुवा, चाकांच्या कमानींत पाण्याचा जोर मारून. कोकणातून फिरून आला असाल तर आधी तेच काम. किनाऱ्यावरचा खार आणि चिखल मिळून पत्रा आतून खातात, वरून रंग चकचकीत दिसत राहतो. मग दोन दिवस उन्हात कोरडी होऊ द्या. इंजिन ऑइल झोपवण्याआधी बदला, उठवल्यावर नाही. वापरलेल्या ऑइलमध्ये आम्लं आणि पाणी साचलेलं असतं, ते चार महिने बेअरिंगांवर कशाला बसू द्यायचं? ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, दोन वर्षं झाली असतील तर तेही बदला.

हँडब्रेक लावून ठेवू नका. ओल्या हवेत ब्रेक शू ड्रमला चिकटतो आणि मग हातोडा घेऊन सोडवावा लागतो. गिअरमध्ये टाका आणि चाकांना लाकडी ओंडके लावा. टायरमध्ये नेहमीपेक्षा पाच-सात पौंड हवा जास्त भरा, नाहीतर एकाच जागी सपाट बसतात.

ताडपत्री किंवा प्लॅस्टिक कधीच नको. आतली वाफ आतच राहते आणि सकाळी बोनेट घामाघूम. आतून मऊ, हवा जाऊ देणारं कापडी कव्हर घ्या आणि ते धुळीच्या गाडीवर घालू नका, घासून रंगावर जाळं पडतं. खोली बंद असेल तर काचा बोटभर उघड्या ठेवा. सिलिका जेलच्या पुड्या सीटखाली टाका. चामड्याच्या सीटवर श्रावणात पांढरी बुरशी आली तर समजा पुड्या कमी पडल्या.

उघड्या टपाच्या गाडीची एक खास गोष्ट. टप चढवूनच ठेवा, दुमडून ठेवलं तर कापडाला आणि मागच्या प्लॅस्टिकच्या काचेला कायमच्या घड्या पडतात. टपाच्या कडेने पाणी वाहून जायला बारीक नळ्या असतात. त्या कडुनिंबाच्या काड्या-पानांनी तुंबल्या की पाणी थेट आत. जुन्या बॉक्सस्टरमध्ये चावी ओळखणारा इलेक्ट्रॉनिक डबा सीटखालीच असतो, त्यामुळे तिथे दोन तांबे पाणी साचलं तरी गाडी मुकी होते. मृगाच्या आधी त्या नळ्यांतून पाणी ओतून बघा.

दर रविवारी सेल्फ मारून पाच मिनिटं चालू ठेवतो. पुरे ना?

नाही. उलट न मारलेला बरा. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते. पाच मिनिटांत ना ऑइल तापतं ना सायलेन्सर, आणि ती वाफ आतच गार होऊन साचते. सायलेन्सर आतून गंजतो, ऑइलमध्ये पाणी जातं, आणि सेल्फ मारताना बॅटरीतून गेलेली वीज तेवढ्या वेळात परत भरतही नाही. ब्रेक, क्लच, गिअर, एसी यांतलं काहीच हलत नाही ते वेगळं.

कोरडा दिवस बघून अर्धा-पाऊण तास नीट चालवा, सगळे गिअर लावा, एसी लावा. पहिले चार-पाच ब्रेक खरखरतील, तो डिस्कवरचा गंज असतो, तो निघून जातो. दर पंधरवड्याला हे जमणार नसेल, तर अजिबात चालू करू नका आणि गाडी नीट झोपवा. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा किंवा बॅटरी भरत ठेवून आपोआप थांबणारा छोटा चार्जर लावा. तार सोडण्याआधी रेडिओचा कोड लिहून ठेवा. मी ठेवला नव्हता. वर्षभर मी गाणी न ऐकता गाडी चालवली, बायकोच्या मते तोच सुवर्णकाळ.

टाकी भरून ठेवू की रिकामी? ई-२० पेट्रोलचं काय?

आता पंपावरचं साधं पेट्रोल म्हणजे २० टक्के इथेनॉल. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. ते प्रमाणाबाहेर गेलं की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन टाकीच्या तळाशी वेगळा थर बसतो, आणि पंप नेमका तळातूनच ओढतो. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि सील या मिश्रणासाठी बनलेले नव्हते, ते फुगतात किंवा चिरतात.

दोन-तीन महिन्यांसाठी ठेवत असाल तर टाकी गळ्यापर्यंत भरा, म्हणजे आत ओली हवा कमी राहते. पेट्रोल टिकवणारं स्टॅबिलायझर मिळतं, ते टाकून दहा किलोमीटर चालवा म्हणजे इंजेक्टरपर्यंत पोचेल. वर्षभरापेक्षा जास्त ठेवायची असेल तर जाणत्या मेकॅनिककडून टाकी रिकामी करून घ्या. आणि एकदा हे पाइप बदलाच, ठेवणार असा वा विकणार असा. पेट्रोलचा वास येणारी गाडी कुणी घेत नाही, आणि घेऊही नये.

उंदरांचा बंदोबस्त?

या प्रश्नावर मला अधिकारवाणीने बोलता येतं. माझी २००२ ची पालिओ एका पावसाळ्यात दोन महिने हलली नव्हती. दसऱ्याला पूजेसाठी बोनेट उघडलं तर एअर फिल्टरच्या डब्यात घरटं, आत कापूस, कुणाचा तरी मोजा आणि अर्धी पोळी. इंजेक्टरच्या तारा कुरतडलेल्या. झेंडूची माळ तशीच हातात राहिली. तारांचा तो जुडगा मिळवायला दीड महिना गेला.

तेव्हापासून: गाडीत खाण्याचा कणही नाही, सायलेन्सरच्या तोंडाला बारीक जाळी (आणि स्टिअरिंगवर चिठ्ठी, 'जाळी काढ'), बोनेटखाली डांबराच्या गोळ्या पुरचुंडीत, आणि खोलीत पिंजरा. विष घालू नका, उंदीर जाऊन डॅशबोर्डमागे मरतो. पण खरा उपाय एकच, गाडी हलती ठेवणं. रोज दार वाजणाऱ्या घरात उंदीर बाळंतपण करत नाहीत.

तळघरातल्या पार्किंगमध्ये ठेवली तर?

ऊन लागत नाही हे खरं. पण २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर मुंबईतली तळघरं कशी दिसत होती ते आठवा. ओढ्या-नाल्याजवळची सोसायटी असेल तर तळघर नको. पाण्यात बुडालेली गाडी मोहाने चालू करून बघू नका. सिलिंडरमध्ये पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. ओढून गॅरेजला न्या.

गाडी उभीच आहे, विमा कशाला भरू?

रस्त्यावर आणणार असाल तर थर्ड पार्टी विमा कायद्याने लागतोच, गल्लीच्या तोंडापर्यंत नेली तरी. उभ्या गाडीवर झाड पडतं, आग लागते, चोरी होते, ते थर्ड पार्टीत येत नाही. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले की साठवलेला नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो, आणि तो ५० टक्क्यांपर्यंत पोचलेला असू शकतो. पाच वर्षांवरच्या गाडीची विम्यातली किंमत तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवता. एजंट जो आकडा टाकेल त्यावर सही करू नका, तशाच गाड्यांच्या जाहिराती दाखवून भांडा.

विकलीत तर बोनस गाडीबरोबर जात नाही, तो तुमचा असतो. कंपनीकडून पत्र घ्या, तीन वर्षांत पुढच्या गाडीला लावता येतो.

विकायची ठरली. कधी काढू?

पितृपक्षात जाहिरात टाकलीत तर लोक बघून जातील, टोकन कुणी देणार नाही. नवरात्र ते दिवाळी हा उत्तम काळ: हवा कोरडी, बोनस हातात, मुहूर्त भरपूर. दुसरा काळ गुढीपाडव्यापासून मेच्या मध्यापर्यंत. जूनमध्ये उघड्या टपाची गाडी विकायला काढणारा गरजू दिसतो आणि गिऱ्हाईक ते ओळखतं.

चालत नाही. दुरुस्त करून विकू की आहे तशी?

बॅटरी, टायर, ब्रेक, पासिंग एवढं करा. चालती गाडी आणि न चालणारी गाडी यांच्या भावात दुरुस्तीच्या खर्चापेक्षा कितीतरी जास्त फरक असतो. रंगकाम करू नका. नवा रंग दिसला की जाणकाराला वाटतं खाली पुटी आहे. इंजिन उघडावं लागणार असेल तर आहे तशी विका आणि दोष स्वतःहून सांगा.

जाणकार गिऱ्हाईक काय विचारतं?

मॉडेलच्या नाजूक जागा त्याला पाठ असतात. २००८ पर्यंतच्या बॉक्सस्टरला तो इंजिनमधल्या आयएमएस बेअरिंगबद्दल (मधल्या शाफ्टचं, ते तुटलं तर इंजिनच जातं) विचारणारच. ते बदलल्याचं बिल असेल तर आधी बिल दाखवा, मग गाडी. टायमिंग बेल्टच्या गाडीला 'किती किलोमीटर' बरोबर 'किती साली' हेही विचारतात, कारण बेल्ट उभ्या गाडीतही म्हातारा होतो. टायरच्या कडेवरचा चार आकडी शिक्का तो वाकून वाचेल. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. मीटर मागे फिरवलेला असेल तर सीट, पेडल आणि स्टिअरिंग चुगली करतात.

चाचणीला पहिल्या खेपेस तुम्ही चालवा. दुसऱ्या खेपेस तो, पण लायसन्सचा फोटो काढल्यावर. इंजिन मुद्दाम गार ठेवा. आधीच तापवून ठेवलेल्या इंजिनावर हात ठेवला की काहीतरी लपवलंय असं समजून लोक निघून जातात.

पैसे मिळाले, चावी दिली. झालं ना?

इथेच लोक अडकतात. मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर, म्हणजे टीटी फॉर्मवर, कोऱ्या सह्या देऊन मोकळे होऊ नका. विक्री १४ दिवसांत आरटीओला कळवणं विकणाऱ्याचं काम आहे. आरसीवर नाव तुमचं असेपर्यंत कायद्याच्या लेखी मालक तुम्हीच. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपघाताच्या भरपाईच्या प्रकरणात हेच सांगितलं, गाडी मध्ये कितीही हातांतून गेलेली असो. स्पोर्ट्स कारच्या बाबतीत धोका जास्त, कारण घेणारा ती सावकाश चालवायला घेत नाही.

जुन्या कर्जाचा बोजा आरसीवर राहिला असेल तर फॉर्म ३५ देऊन उतरवा, यात महिना जाऊ शकतो. फास्टॅग बंद करा. स्वतःच्या वापराच्या गाडीवर नफा झाला तर त्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. धंद्याच्या नावावर घसारा घेतला असेल तर मात्र सीएला विचारा.

वडिलांची गाडी आहे. ते गेले. विकवत नाही आणि मला चालवताही येत नाही.

आधी कागद. मालक गेल्यावर वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ असतो आणि तीन महिन्यांची मुदत. हे राहिलं तर पुढे ना विकता येते ना विम्याचा दावा टिकतो. भावंडं असतील तर त्यांची संमती आत्ताच घ्या, सगळे घरी आहेत तोवर.

मग एक वर्ष ठेवा. वडिलांचा जो मेकॅनिक होता त्यालाच बोलवा, त्याला गाडीच्या सवयी माहीत असतात. चालवायला शिका, पहाटे रिकाम्या रस्त्यावर. वर्षभरात पाच वेळाही बाहेर काढली नाहीत तर तुम्हाला वडील हवे होते, गाडी नव्हे. चावीची कडी ठेवा, एक फोटो ठेवा, आणि गाडी त्या मॉडेलवर जीव टाकणाऱ्या एखाद्या पोराला द्या, दोन पैसे कमी आले तरी.

घरच्यांना कसं पटवू?

पटवू नका, चालवायला द्या. आमच्याकडे विरोध होता तो पार्किंगच्या जागेवरून, "त्या डब्यासाठी माझी स्कूटर पावसात" असा. गेल्या वर्षी ताम्हिणीच्या घाटात बायकोने दुसऱ्या गिअरमध्ये एक वळण घेतलं. स्कूटर अजून पावसातच आहे, पण तक्रार आता सोसायटीकडे जाते.